नोकरीला ‘नाही’ म्हटलं म्हणून धमकी? मुलांना नकारपत्र शिकवायलाच हवं



आपण मुलांना नोकरी मिळवायला शिकवतो. अर्ज कसा लिहायचा, बायोडेटा कसा तयार करायचा, मुलाखतीला काय घालून जायचं, हे सगळं सांगतो. दहावीच्या मराठीच्या पेपरात मागणीपत्र असतं, विनंतीपत्र असतं, अभिनंदनपत्र असतं. पण हातात आलेली नोकरी नको असेल, तर ती नाकारायची कशी? हे बालवाडीपासून पदवीपर्यंत आपण कुठेच शिकवत नाही. जणू काही नोकरी नाकारायची वेळ आपल्या मुलांवर कधी येणारच नाही.

पण ती वेळ येते. एका मुलाला दोन ठिकाणांहून बोलावणं येतं. एखादीला ऑफर लेटर वाचल्यावर कळतं, की मुलाखतीत सांगितलेला पगार आणि कागदावरचा पगार यांत फरक आहे. कुणाला पुढे शिकायचं असतं. कुणाला रात्रपाळीला जायचं नसतं. अशा वेळी मूल ‘नाही’ म्हणतं, आणि दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. “हो म्हणून आता नाही म्हणतोस? तुला ब्लॅकलिस्ट करतो.” “लीगल नोटीस घरी येईल, वडिलांना सांगून ठेव.” “कुठल्याच कंपनीत लागणार नाहीस, बघतेच मी.”

बावीस वर्षांचं पोर अशा फोनने हादरतं. आई-वडील त्याहून जास्त हादरतात. आणि मग घरातूनच निर्णय होतो, “जाऊ दे बाबा, कोर्टकचेरी नको, जा तिथेच.” म्हणजे नको असलेली नोकरी मूल भीतीपोटी धरतं, किंवा न घेतलेल्या नोकरीचा ‘दंड’ वडील भरून मोकळे होतात.

माझं मत सरळ आहे. या धमक्यांमध्ये कायद्याचं बळ फार थोडं असतं. त्यांना बळ देते ती आपली भीती, आणि ती भीती शाळेत व घरात न शिकवलेल्या एका साध्या गोष्टीतून येते : स्पष्ट, सभ्य आणि लेखी नकार. तो शिकवता येतो. कसा, ते या लेखात पाहू.

धमकी कोण देतं आणि का देतं?

आधी समोरचा माणूस कोण आहे ते ओळखू या. फोन करणारा दर वेळी कंपनीचा माणूस असतोच असं नाही. बऱ्याचदा तो कन्सल्टन्सीचा, म्हणजे कंपनीला उमेदवार शोधून देणाऱ्या एजन्सीचा माणूस असतो. एजन्सीला पैसे कंपनी देते, आणि तेही उमेदवार रुजू झाल्यावर. हा मोबदला सहसा वर्षाच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांत असतो. ८.३३ टक्के हा आकडा या धंद्यात नेहमी ऐकू येतो, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. उमेदवार ठरावीक दिवस टिकला तरच पैसे मिळतील, अशीही अट अनेक करारांत असते.

आता विचार करा. तुमच्या मुलीने नकार दिला, की त्या माणसाचं एका महिन्याचं टार्गेट कोसळतं. वरिष्ठ त्याला फैलावर घेतात आणि तो राग तुमच्या मुलीवर निघतो. कंपनीच्या एचआरचंही काही वेगळं नाही. जागा भरली म्हणून त्यांनी वर कळवलेलं असतं, ते आता मागे घ्यावं लागतं.

हे समजलं की भीती निम्मी कमी होते. पलीकडे न्यायाधीश बसलेला नाही, ज्याचं गिऱ्हाईक हातचं गेलं आहे असा माणूस आहे. त्याची अडचण खरी आहे, हेही मुलांना सांगा. पण ती अडचण त्याची आहे. ती सोडवण्यासाठी आपल्या मुलाने आयुष्याची दोन वर्षं द्यावीत, हा काही न्याय नव्हे.

कोणत्या धमकीत किती तथ्य?

पहिली धमकी : “ब्लॅकलिस्ट करू.” नोकरी नाकारणाऱ्यांची कोणतीही सरकारी काळी यादी देशात नाही. आयटी क्षेत्रातल्या मुलांना नॅसकॉमचं नाव घेऊन घाबरवतात. नॅसकॉम ही कंपन्यांची संघटना आहे, ते सरकारी खातं नाही. हां, एक गोष्ट खरी. ती कंपनी किंवा ती एजन्सी स्वतःच्या नोंदीत ‘या उमेदवाराने ऑफर नाकारली’ असं लिहून ठेवू शकते आणि पुढे तुम्हाला बोलावणार नाही. तेवढी किंमत मोजायची तयारी ठेवावी. पण एका दुकानदाराने उधारी बंद केली म्हणून गावातला सगळा बाजार बंद होत नाही.

दुसरी धमकी : “पोलिसात देऊ.” नोकरी नाकारणं हा गुन्हा नाही. झालाच तर तो दिवाणी स्वरूपाचा वाद होईल. त्यात पोलीस येऊन कुणाला उचलून नेत नाहीत. फोनवर अटकेची भाषा करणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड.

तिसरी धमकी : “कोर्टात खेचू, नुकसानभरपाई वसूल करू.” इथे थोडं बारकाईने पाहायला हवं, कारण यात अगदीच तथ्य नाही असं नाही. ऑफर सही करून स्वीकारली असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार झाला असं म्हणता येऊ शकतं. पण करार मोडला म्हणजे समोरच्याने मनात येईल तो आकडा मागायचा, असं कायदा म्हणत नाही. कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे जे नुकसान झालं त्याचीच भरपाई मागता येते, आणि लांबच्या, आडवळणाच्या नुकसानीची नाही. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तो आकडा आपोआप वसूल होत नाही. आणि माणसाला जबरदस्तीने नोकरीवर बसवण्याचा हुकूम तर कोर्ट देतच नाही. विशिष्ट सहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मागचं तत्त्व हेच आहे.

साध्या भाषेत सांगायचं तर, ज्या फ्रेशरने एक दिवसही काम केलेलं नाही, ज्याच्या प्रशिक्षणावर रुपयाही खर्च झालेला नाही, त्याच्याकडून भरपाई मागायची तर कंपनीला आधी आपलं नुकसान दाखवावं लागेल. ते दाखवणं सोपं नसतं. म्हणूनच अशी प्रकरणं बहुतेक वेळा फोनवरच सुरू होतात आणि फोनवरच संपतात.

चौथी धमकी : “आमच्याकडे नाही आलास तर दुसऱ्या कंपनीतही जाऊ देणार नाही.” करार अधिनियमाचं कलम २७ सांगतं, की एखाद्याला कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) मध्ये व्यवसायाचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. हे अनुच्छेद आपण नागरिकशास्त्रात पाठ करून घेतो. त्याचा उपयोग कुठे होतो, हे सांगायची ही चांगली जागा आहे.

मूळ कागदपत्रं : इथे मात्र सावध

धमकीपेक्षा जास्त त्रास देणारी एक गोष्ट आहे. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका किंवा पदवीचं प्रमाणपत्र समोरच्याकडे अडकलेलं असणं. “आधी ओरिजिनल जमा करा, मग ऑफर लेटर देतो,” असं कुणी म्हणालं, की मुलं मुकाट्याने फाइल पुढे करतात. नंतर ‘नाही’ म्हणायची वेळ आली की तीच फाइल ओलीस ठेवली जाते.

शिक्षक मित्रांनो, हे आपल्याला परकं नाही. काही खासगी शाळा आणि क्लासेस डी.एड., बी.एड. ची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात आणि वर्ष संपेपर्यंत परत करत नाहीत, हे शिक्षकांच्या खोलीत आपण ऐकतोच. जे आपण स्वतः सहन करतो, ते मुलांना ‘असंच असतं’ म्हणून शिकवलं जातं.

मूळ कागद दाखवायचा असतो, द्यायचा नसतो, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसू द्या. समोर बसून तपासू द्या, साक्षांकित प्रत द्या. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिका आता डिजिलॉकरवरही मिळतात. उच्च शिक्षणाच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली महाविद्यालयांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई करणारी अधिसूचना काढली. ती शिक्षणसंस्थांपुरती आहे, हे खरं. पण कागद ज्याचा त्याच्याकडेच राहिला पाहिजे, ही गोष्ट त्यातून मुलांना समजावता येते.

आणि कागद अडकलाच, तर फोनवर गयावया करू नका. लेखी मागणी करा, पोच घ्या. तरीही दिला नाही तर वकिलाच्या सल्ल्याने पुढे जा. हरवलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते, म्हणजे आयुष्य त्या एका कागदावर अडत नाही.

बॉण्डची गोष्ट वेगळी

इथे पालकांचा एक गोंधळ होतो, तो दूर करू या. नोकरी सुरू होण्याआधी नाकारणं एक, आणि रुजू होऊन, प्रशिक्षण घेऊन, बॉण्डची मुदत संपायच्या आत सोडणं दुसरं. दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात निकाल दिला. किमान ३ वर्षं नोकरी करायची, आधी सोडली तर २ लाख रुपये भरायचे, अशी अट एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीत होती. त्याने मुदतीआधी नोकरी सोडली. न्यायालयाने ती अट वैध ठरवली. सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेला भरतीची लांबलचक आणि खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

म्हणून “बॉण्डबिंड काही नसतं, खुशाल सही कर” असं मुलांना कधीही सांगू नका. सही करण्याआधी वाचायचं, आणि वाचून पटलं नाही तर सहीच करायची नाही. आपण मुलांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला लावतो. ऑफर लेटर हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा उतारा आहे. किती तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे? रुजू होण्याआधी नकार दिला तर काय लिहिलं आहे? पगारातला हातात येणारा भाग किती? बॉण्ड किती महिन्यांचा? हे चार प्रश्न बाजूला लिहून त्यांची उत्तरं शोधायला लावा.

नोकरीच खोटी असेल तर?

याच धमकीचा एक जास्त वाईट प्रकार आहे, आणि त्यात शाळकरी वयाची मुलंही सापडतात. “घरबसल्या फॉर्म भरा, महिन्याला इतके कमवा,” अशी जाहिरात येते. मूल मोबाइलवर एका ‘अ‍ॅग्रीमेंट’वर बोटाने सही करतं. दोन दिवसांनी लक्षात येतं की हे काम जमणारं नाही, किंवा भरलेल्या फॉर्ममध्ये मुद्दाम चुका काढल्या जातात. मग एका ‘वकिला’चा फोन येतो. करार मोडला, अमुक हजार भरा, नाहीतर आज संध्याकाळी केस दाखल होते. व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेली नोटीस येते, लाल शिक्का असतो, भाषा मोठी कडक असते.

इथे नोकरी नव्हतीच. धमकी हाच धंदा होता.

पालकहो, लक्षात ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने करार करताच येत नाही, हे करार अधिनियमाच्या कलम ११ मध्ये स्पष्ट आहे. मोठ्या मुलाने सही केली असेल, तरी कोर्टाचं समन्स कोर्टाकडून येतं, ‘आत्ता पाच हजार पाठवा’ म्हणणाऱ्या माणसाकडून नाही. खरंच केस दाखल असेल तर तिला क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ती पाहता येते. तिथे सापडत नसेल तर जवळच्या न्यायालयात जाऊन चौकशी करा. पैसे मात्र पाठवू नका. एकदा पाठवले की पुढचा फोन हमखास येतो.

पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

आपल्या बाजूनेही सचोटी हवी

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग काय, मुलांनी चार ठिकाणी हो म्हणायचं आणि तीन ठिकाणी दांडी मारायची? अजिबात नाही.

आपली मुलं इथे चुकतात, हे मान्य करायला हवं. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसतात. कंपनी वाट बघत राहते. त्या जागेसाठी आलेला दुसरा मुलगा, ज्याला नोकरीची फार गरज होती, तो तोवर परत पाठवलेला असतो. कॉलेजमधून प्लेसमेंट असेल तर त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या मुलांना बसू शकतो, कारण कंपनी त्या कॉलेजकडे यायचं थांबते. म्हणून अनेक कॉलेजांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो. त्यावर सही केली असेल तर आधी प्लेसमेंट अधिकाऱ्यांशी बोलायचं, मग नकार कळवायचा.

नकार देण्याचा हक्क आहे, फसवण्याचा नाही. ठरल्याबरोबर कळवणं हे मुलाचं कर्तव्य. एवढं केलं की मग धमकी सहन करण्याचं कारण उरत नाही.

आणि तराजूचं दुसरं पारडंही मुलांना दाखवा. २०२२ नंतरच्या काळात अनेक आयटी कंपन्यांनी ऑफर लेटर दिलेल्या फ्रेशर मुलांना महिनोन्महिने रुजू करून घेतलं नाही, काहींच्या ऑफर मागेही घेतल्या. त्या वेळी कुठल्या कंपनीने मुलांना ‘शब्द मोडल्याचा’ दंड भरला? मग शब्दाचं सगळं ओझं एकट्या पोरानेच का वाहायचं?

घरात काय घडतं

खरी कसोटी घरात लागते. धमकीचा फोन आला की मूल आधी तो लपवतं. जेवत नाही, झोपत नाही, मोबाइल उलटा ठेवतं. कारण त्याला माहीत असतं, सांगितलं तर पहिलं वाक्य येणार, “तूच काहीतरी घोळ केला असणार.” दुसरं वाक्य, “मिळालेली नोकरी सोडायची काय गरज होती?” मुलगी असेल तर तिसरंही वाक्य येतं, “म्हणूनच सांगत होतो, घरापासून लांब नको.”

पालकहो, ही तीन वाक्यं त्या दिवशी गिळून टाका. आधी एवढंच विचारा, “काय लिहिलंय दाखव बरं.” बरोबर बसून मेसेज वाचा. निम्म्या धमक्या मोठ्याने वाचल्या की पोकळ वाटायला लागतात. निर्णय बरोबर होता की नाही, यावर चर्चा आठवड्याने करा. त्या दिवशी मूल तुमच्या बाजूला आहे आणि तुम्ही त्याच्या, एवढं त्याला कळू द्या.

मूल फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

नकारपत्र : नमुना

आता आपल्या कामाचा भाग. मागणीपत्रासारखाच नकारपत्राचाही एक साचा असतो. तो असा :

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : नोकरीचा प्रस्ताव स्वीकारत नसल्याबाबत.

महोदय/महोदया,
दि. ….. रोजी आपण मला ….. या पदासाठी दिलेले ऑफर लेटर मिळाले. मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. पूर्ण विचार करून मी हे पद स्वीकारत नसल्याचे आपणास कळवत आहे. आपण ही जागा दुसऱ्या उमेदवारास देऊ शकता. यामुळे आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहे. हे पत्र मिळाल्याची पोच कृपया द्यावी.
आपला विश्वासू,
…..

बस्स, एवढंच. हे पत्र शिकवताना तीन गोष्टींवर भर द्या.

एक, कारण सांगितलंच पाहिजे असं नाही. आणि सांगायचं तर खरं सांगा. “आजी आजारी आहे,” “घरी अडचण आहे” असली खोटी कारणं मुलं सर्रास देतात. त्यातून अडचण वाढते. समोरचा म्हणतो, “ठीक आहे, महिनाभर थांबतो.” मग दुसरं खोटं बोलावं लागतं. खोटं पकडलं गेलं की धमकी देणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

दोन, ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘जमेल असं वाटत नाही’ ही वाक्यं पत्रात नकोत. आपल्या बोलण्यात नकार आडून द्यायची रीत आहे, पाहुण्यांना ते शोभतंही. पण कामाच्या पत्रात ‘स्वीकारत नाही’ असं स्पष्ट क्रियापद हवं.

तीन, दिलगिरी एकदाच. तीनदा माफी मागितली की आपण अपराध केला आहे असं समोरच्याला वाटतं, आणि हळूहळू आपल्यालाही.

धमकी आल्यावर द्यायचं उत्तर याहूनही छोटं असतं :

“आपला दि. ….. चा संदेश मिळाला. मी दि. ….. रोजीच नकार लेखी कळवला आहे. याबाबत आपले काही कायदेशीर म्हणणे असल्यास ते कराराच्या संबंधित कलमासह, कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून लेखी पाठवावे. याविषयी मी फोनवर चर्चा करणार नाही.”

धमकी देणाऱ्याला लेखी मागितलं की बहुतेक वेळा तो गप्प बसतो, कारण जे फोनवर बोलता येतं ते कंपनीच्या नावाने लिहून देता येत नाही.

वर्गात एका तासिकेत

नववी ते बारावीच्या वर्गात हे एका तासिकेत बसतं. पहिली दहा मिनिटं मुलांच्या जोड्या करा. एकाने कन्सल्टन्सीवाला व्हायचं आणि दटवायचं, दुसऱ्याने एकच वाक्य शांतपणे तीन वेळा म्हणायचं : “मी ही नोकरी स्वीकारत नाही, लेखी कळवलं आहे.” मुलं सुरुवातीला हसतील. तिसऱ्या वेळी आवाज कुणाचा कापतो, ते तुमच्या लक्षात येईल. त्या मुलाला किंवा मुलीला सरावाची जास्त गरज आहे. पुढची पंधरा मिनिटं नकारपत्र लिहायला द्या. उरलेल्या वेळात दोन-तीन पत्रं फळ्यावर घेऊन दुरुस्त करा. पालक सभेत हीच पत्रं पालकांना वाचायला द्या. बघा, चर्चा रंगते की नाही.

धमकी आलीच तर : थोडक्यात

१. मेसेज, ई-मेल, कॉलची तारीख-वेळ जपून ठेवा. रागाच्या भरात काही डिलीट करू नका.
२. शिवीगाळीला शिवीगाळीने उत्तर देऊ नका. तेच पुढे तुमच्याविरुद्ध दाखवलं जातं.
३. धमकी एजन्सीची असेल तर कंपनीच्या अधिकृत एचआर ई-मेलवर नकार आणि हा प्रकार दोन्ही कळवा. आपल्या नावाने काय चाललं आहे, हे बऱ्याचदा कंपनीला माहीतच नसतं.
४. फोनवर सांगितलेला एकही रुपया भरू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका.
५. वकिलाची खरी नोटीस टपालाने आली तर ती फेकून देऊ नका. तिला वकिलामार्फतच उत्तर द्या. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक १५१०० आहे. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.
६. मारण्याची, बदनामीची, फोटो पसरवण्याची भाषा झाली किंवा भीती घालून पैसे मागितले, तर तो निव्वळ नोकरीचा वाद राहत नाही. भारतीय न्याय संहितेत धाकदपटशासाठी कलम ३५१ आणि खंडणीसाठी कलम ३०८ आहे. अशा वेळी पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा.

मी वकील नाही, शिक्षक आहे. प्रत्येक ऑफर लेटरमधली भाषा वेगळी असते, म्हणून प्रश्न गंभीर असेल तर जाणकाराला कागद दाखवाच. पण कायद्याच्या दारापर्यंत जायच्या आधीचं जे काम आहे, वाचणं, समजणं, स्पष्ट लिहिणं आणि न घाबरता तेच पुन्हा सांगणं, ते तर भाषेच्या शिक्षकाचंच काम आहे. ते आपण दुसऱ्या कुणावर ढकलू शकत नाही.

अभ्यासक्रमात नकारपत्र येईल तेव्हा येईल. त्यासाठी पाठ्यपुस्तक मंडळाची वाट बघायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात पत्रलेखनाची तासिका आली, की एक मागणीपत्र कमी घ्या आणि एक नकारपत्र लिहून घ्या. आणि पालकहो, तुमच्या घरात नोकरीच्या वयाचं मूल असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढंच सांगा : “तुला पटलं नाही तर नाही म्हण. नीट लिहून कळव. पुढे काही झालं तर आम्ही आहोत.”